‘तुमच्यात असंच असतं’: वर्गात ओळख आणि वेगळेपणावर बोलताना

प्रश्न थोडक्यात असा: नववीचा वर्ग, ५२ मुलं-मुली, ३५ मिनिटांची तासिका. राज्यशास्त्रात विविधता, समता, धर्मनिरपेक्षता असे विषय आले की शिक्षक चर्चा ठेवतात. दहा मिनिटांत चार-पाच मुलगे आवाज चढवतात, मुली गप्प होतात, कुणीतरी ‘तुमच्यात असंच असतं’ म्हणतो आणि ज्याला उद्देशून म्हटलं तो मान खाली घालून बसतो. अशी चर्चा बंद करावी का? आणि चालू ठेवायची तर कशी?

चालू ठेवा, पण थोडं मागे जाऊन सुरुवात करा. जिथे मुलांना सगळ्यात जास्त बोचतं, तिथेच आपण त्यांना चर्चेचा पहिला धडा द्यायला जातो. विहिरीत पोहायला शिकवताना आधी पाठीला डबा बांधतात आणि पायऱ्यांजवळच हातपाय मारायला लावतात. वाद घालणं हेही तसंच हातापायाचं कसब आहे. ते किरकोळ विषयांवर घोटवावं लागतं, मग खोल पाण्यात.

त्याआधी एक काम शिक्षकाचं. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत. ‘आपण’मध्ये ऐकणारा धरलेला असतो, ‘आम्ही’मध्ये तो बाहेर असतो. ‘आपण पाडव्याला गुढी उभारतो’, ‘आपण श्रावणात मांसाहार करत नाही’ ही वाक्यं शिकवण्याच्या ओघात सहज निघून जातात. ज्याच्या घरी गुढी नसते किंवा श्रावण पाळत नाहीत, त्या मुलाला त्या क्षणी कळतं की बाईंच्या ‘आपण’मध्ये मी नाही. कुणी अपमान केलेला नसतो, त्यामुळे त्याला तक्रारही करता येत नाही. आठवडाभर टाचणवहीच्या समासात एक साधी खूण करा: ‘आपण’ म्हटलं की ठिपका, आणि त्या ‘आपण’मध्ये वर्गातले सगळे बसत नसतील तर फुली. फुल्या मोजल्या की पुढच्या आठवड्यात वाक्यं आपोआप बदलतात: ‘बऱ्याच घरांत पाडव्याला गुढी उभारतात’. ‘आपली राज्यघटना’, ‘आपण मतदान करतो’ इथला ‘आपण’ मात्र सगळ्यांचा आहे. तो आवर्जून वापरा.

दुसरं काम कार्यालयीन वाटतं, पण परिणाम वर्गातच होतो. ‘एस.सी., एस.टी., एन.टी.ची मुलं उभी राहा, शिष्यवृत्तीचे फॉर्म घेऊन जा’ अशी घोषणा भर वर्गात झाली की प्रत्येक मुलाची जात ५१ जणांना कळते. मग दुपारच्या तासाला समतेवर कितीही छान बोला, सकाळी उभं राहिलेल्या मुलाला ते ऐकू जात नाही. फॉर्म हजेरी क्रमांक लिहिलेल्या बंद पाकिटातून द्या, किंवा ‘ज्यांची कागदपत्रं बाकी आहेत त्यांनी मधल्या सुट्टीत भेटा’ एवढंच म्हणा. चर्चेत मुलांना पहिल्या नावानेच पुकारा. आपल्याकडे आडनाव उच्चारलं की अर्धा वर्ग मनातल्या मनात जात शोधू लागतो.

आता वर्गातली पहिली तासिका. प्रत्येकाने अर्ध्या फुलस्केपवर ‘मी…’ने सुरू होणारी आठ वाक्यं लिहायची. किमान तीन घरातून किंवा जन्माने मिळालेल्या गोष्टींची, किमान तीन स्वतः निवडलेल्या किंवा कमावलेल्या गोष्टींची, उरलेली दोन मनाला येतील ती. वेळ सात मिनिटं, आणि लिहिताना बोलायचं नाही. जी वाक्यं कुणाला दाखवायची नसतील ती खाली लिहून कागद तिथे दुमडायचा. दुमडलेला भाग शिक्षकानेही पाहायचा नाही आणि कागद गोळा करायचा नाही. हे आधीच सांगा आणि पाळा. एकदा जरी ‘बघू बघू’ केलंत तर पुढच्या वेळी सगळे कागद ‘मला क्रिकेट आवडतं’वर संपतील.

मग फळ्यावर चार जागा लिहा: क्रिकेटचं मैदान, सरकारी दवाखाना, नातेवाइकांचं लग्न, परीक्षेचा फॉर्म. कोणत्या जागी आपली कोणती ओळख पुढे येते आणि कोणती कुणी विचारतही नाही, याच्या खुणा मुलांनी स्वतःच्या कागदावर करायच्या. मैदानात डावखुरा असणं मोठं असतं आणि फॉर्मवर त्याला रकानाच नसतो. लग्नात ‘अमक्याचा मुलगा’ ही ओळख बाकी सगळ्या झाकून टाकते. एकाच माणसाच्या अनेक ओळखी असतात आणि कोणती पुढे यायची हे बऱ्याचदा समोरची जागा ठरवते, ही गोष्ट व्याख्यानापेक्षा या खुणांतून लवकर कळते. कार्यशाळांमध्ये हाच खेळ पुढे नेऊन ‘आता यातली एकेक ओळख खोडा, शेवटी एकच उरू द्या’ असं करायला लावतात. ते करू नका. चौदा वर्षांच्या मुलाला धर्म आणि आई यांतलं एक खोडायला लावून काही शिकवता येत नाही. उलट ओळखींची भांडणं लावायचीच असतात असा धडा मात्र जातो.

दुसऱ्या तासिकेला बोलीभाषा घ्या. जात किंवा धर्म न विचारता वेगळेपणाशी ओळख करून द्यायला आपल्याकडे याहून चांगलं दार नाही. ‘मुलगा’ या शब्दाला घरी किंवा आजोळी काय म्हणतात ते विचारा. मालवणीत झील, अहिराणीत आंडोर, वऱ्हाडीत पोट्टा. फळा दहा मिनिटांत भरतो. शब्द मात्र जपून निवडा. ‘आईला काय हाक मारता?’ हा प्रश्न गोड वाटतो, पण वर्गात आई नसलेलं मूल असू शकतं. ‘पोळी की चपाती?’ हाही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. अनेक गावांत या एका शब्दावरून समोरच्याचं घर ओळखतात आणि हसतात. हसू आलंच तर तिथेच थांबून विचारा: ‘हसू शब्दाचं आलं की बोलणाऱ्याचं?’ उत्तर मागू नका. प्रश्न तेवढा राहू द्या.

यालाच जोडून २०११च्या जनगणनेतली एक गोष्ट मुलांपुढे ठेवा. लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांच्या १९,५६९ नोंदी आल्या. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा ठरल्या आणि शेवटी १२१ भाषांच्या गटांत त्या बसवल्या गेल्या. त्या मांडणीत अहिराणी मराठीखाली येत नाही, ‘खानदेशी’ या वेगळ्या भाषेखाली येते. बंजारा समाजाची लमाणी आणि बंजारी हिंदीखाली मोजली जाते. वर्गात तांड्यावरची मुलं असतील तर त्यांना हे बहुधा पहिल्यांदाच कळेल. ‘आपली भाषा कोणती हे कोण ठरवतं, बोलणारा की मोजणारा?’ हा प्रश्न नववीला पेलतो, त्यावर खरंखुरं दुमत होतं आणि कुणाला लागत नाही.

आता मूळ कसब. आपल्या शास्त्रचर्चेत त्याला नाव आहे: पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं खोडण्याआधी ते त्याच्यापेक्षाही नीट मांडून दाखवायचं. वर्गात याचा एकच नियम करा: आधीच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, त्याने ‘हो, हेच म्हणायचं होतं’ म्हटलं की मगच आपलं बोलायचं. सुरुवातीला ‘बसायच्या जागा दर आठवड्याला बदलाव्यात का?’, ‘गृहपाठ रविवारी द्यावा का?’ असेच विषय घ्या. दोन-तीन तासिका यातच जातात. जाऊ द्या.

बाके हलवू नका. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचं की चौघांचा गट तयार, असे १३ गट होतात. एक जोडी बाजूने, एक विरोधात. दोन्ही जोड्यांना तयारीला पाच मिनिटं, मग प्रत्येकी दोन मिनिटं मांडणी, दुसऱ्या जोडीने दीड मिनिटात ती परत सांगायची. त्यानंतर जोड्यांनी बाजू बदलायच्या आणि पुन्हा तेच करायचं. शेवटी आठ मिनिटं चौघांनी मिळून, कुणाच्याही बाजूचं नाही असं एक उत्तर लिहायचं. अमेरिकेतल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या शिक्षणतज्ज्ञांनी बसवलेली ही पद्धत आहे. नुसती मिनिटं मोजली तर ती एका तासिकेत बसते, पण पहिल्या दोन वेळा जोडतासिकाच घ्या, कारण बाजू बदलताना गोंधळ होतो. बाजू बदलणं वेळेअभावी गाळू नका. सगळा जीव तिथे आहे. आपली नसलेली बाजू मांडताना मुलाच्या आवाजातला ताण उतरतो हे समोर दिसतं.

एक नमुना पाहा. विषय: ‘उत्तरपत्रिकेत बोलीतला शब्द लिहिला तर गुण कापावेत का?’ एक जण म्हणतो, ‘कापावेत. पेपर दुसऱ्या जिल्ह्यातले सर तपासतात, त्यांना शब्द कळणार कसा?’ समोरची मुलगी लगेच म्हणते, ‘म्हणजे तुझं म्हणणं बोलीभाषा चुकीची आहे.’ इथे शिक्षकाने मुलाकडे बघून एवढंच विचारायचं: ‘हेच म्हणायचं होतं का?’ तो नाही म्हणतो. मुलीने पुन्हा प्रयत्न करायचा. ‘तुझं म्हणणं, बोली बरोबर असली तरी तपासणाऱ्याला कळली पाहिजे.’ आता तो ‘हो’ म्हणतो. मग ती तिचा मुद्दा मांडते: ‘पण विज्ञानाच्या पेपरात क्रिया बरोबर लिहिली आणि एक शब्द घरचा आला, तर गुण विज्ञानाचे का जावेत?’ पहिल्या आणि दुसऱ्या फेरीत काय बदललं तेवढं फळ्यावर लिहा: ‘चुकीची’ हा शब्द त्याचा नव्हता, तिने घातलेला होता. बहुतेक भांडणं अशाच घातलेल्या शब्दांवर होतात. मुलांना ती जागा एकदा दिसली की ती पुढे एकमेकांना स्वतःच पकडतात.

मुली आणि मागच्या बाकांवरची मुलं गप्प राहतात, त्यावर ‘तुम्हीही बोला ना’ हा उपाय नाही. प्रत्येक चर्चेआधी दोन मिनिटं लिखाण ठेवा, मग जोडीदाराला सांगणं, मग गटात, आणि सगळ्यात शेवटी सगळ्या वर्गासमोर. दुसरा उपाय चिंचोक्यांचा. प्रत्येकाला दोन चिंचोके, बोललं की एक डब्यात टाकायचा, संपले की फक्त ऐकायचं. बडबडी मुलं पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही उडवतात आणि मग खुणांनी बोलतात. म्हणून एक चिंचोका फक्त दुसऱ्याचं म्हणणं परत सांगण्यासाठी राखून ठेवा. आणि ‘पास’ म्हणायचा हक्क सगळ्यांना, कारण न विचारता.

‘तुम्ही लोक’ आणि ‘तुमच्यात’ हे दोन शब्द वर्गातून काढायचे आहेत. बंदी घालून ते निघत नाहीत, पर्याय दिला की निघतात: ‘काही घरांत’, ‘मी पाहिलेल्या लग्नात’. यात शिक्षकाचीही एक चूक होते, तीही चांगल्या हेतूने. रमजानचा विषय निघाला की वर्गातल्या एकुलत्या एका मुस्लिम मुलीकडे वळून ‘तू सांग बरं, तुमच्यात काय करतात?’ असं विचारलं जातं. ती एका क्षणात सगळ्या धर्माची प्रवक्ता होते आणि चुकण्याची सोय तिला उरत नाही. तिला सांगायचं असेल तर ती स्वतः हात वर करेल. ओळख ज्याची त्याने सांगायची असते, वर्गाने काढून घ्यायची नसते. स्नेहसंमेलनातली वेशभूषाही याच कारणाने फारशी उपयोगाची नाही. जाळीची टोपी घातली की मुसलमान आणि पगडी बांधली की शीख, एवढंच त्यातून मनात राहतं.

गटही विचारपूर्वक पाडा. नुसतं शेजारी बसवलं की मनं जुळतात असं होत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४मध्ये यासाठी चार अटी मांडल्या होत्या: दोघांचा दर्जा सारखा, ध्येय एकच, ते मिळवायला एकमेकांची गरज, आणि वरच्यांचा स्पष्ट पाठिंबा. १९७१मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात शाळांतली गोऱ्या-काळ्या मुलांची विभागणी मोडली जात असताना वर्गांत ताण वाढला, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी याच विचारातून धड्याचे तुकडे करायची युक्ती काढली. गटातल्या प्रत्येकाकडे एकच तुकडा, त्यामुळे प्रत्येकाचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होत नाही. संयुक्त महाराष्ट्राचा धडा असा पाच तुकड्यांत सहज शिकवता येतो. वाचनात कच्च्या असलेल्या मुलाला सगळ्यात अवघड तुकडा जाऊ देऊ नका, नाहीतर गट त्याच्यावरच चिडतो आणि उलटा परिणाम होतो.

एवढं झालं की जरा खोल पाण्यात. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्याला केळं द्यावं का, हा विषय नववीसाठी चांगला आहे. मुलं आठवीपर्यंत तो आहार जेवलेली असतात, पण आता त्यात नसतात. पोषण, खर्च, घरचे नियम, पंगतीत शेजारी कोण काय खातो, सगळंच त्यात येतं. ‘मुलांच्या आहारात काय असावं?’ असा प्रश्न ठेवा. ‘अंडं खाणं योग्य की अयोग्य?’ असा ठेवलात तर चर्चा धोरणावरून उतरून थेट माणसांवर येते.

‘आरक्षण असावे की नसावे?’ हा वादविवाद स्पर्धांचा लाडका विषय वर्गात घेऊ नका. त्यात काही मुलं वादी-प्रतिवादी असतात आणि काही मुलं स्वतःच वादाचा विषय असतात. दोघांना एकाच व्यासपीठावर सारखं उभं केल्याचा आव आणता येतो, पण ते सारखं नसतं. त्याऐवजी तो विषय माहितीने शिकवा: शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्याचा जाहीरनामा, १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलेलं, मागास वर्गांसाठी खास तरतुदी करायला मुभा देणारं कलम १५(४) आणि ते का घालावं लागलं. प्रश्न विचारू द्या, मतदान घेऊ नका. विषय निवडताना स्वतःला एकच विचारायचं: या चर्चेच्या शेवटी वर्गातल्या कुणाचं माणूस म्हणून बरोबरीचं स्थान पणाला लागणार आहे का? लागणार असेल तर तो विषय दोन बाजूंचा नाही. अस्पृश्यता कलम १७ने नष्ट केलेली आहे, तिला ‘दुसरी बाजू’ नाही.

तरीही एखाद्या दिवशी जातीवरून शिवी येईलच. त्या वेळी चर्चा तिथेच थांबवा. शब्दाबद्दल बोला, मुलाबद्दल नको: ‘हा शब्द या वर्गात चालणार नाही, कारण तो मत सांगत नाही, माणसाला खाली ढकलतो.’ ज्याला उद्देशून तो आला त्याला सगळ्यांसमोर ‘तुला वाईट वाटलं का?’ असं विचारू नका. नाही म्हटलं तर शिवी माफ होते, हो म्हटलं तर तो दुबळा ठरतो. तिथल्या तिथे माफी मागायला लावू नका, ती ओठांवरची असते आणि सुट्टीत तिचा बदला निघतो. सगळ्यांना दोन मिनिटं शांतपणे लिहायला लावा आणि उरलेली तासिका साध्या वाचनावर न्या. त्याच दिवशी आधी ज्याला लागलं त्याला एकट्याला भेटा, मग बोलणाऱ्याला. तारीख आणि नेमके शब्द लिहून ठेवा, मुख्याध्यापकांना सांगा. पुन्हा घडलं तर दोन्हीकडच्या पालकांना वेगवेगळं बोलवा. आणि चर्चेच्या ओघात कुणी आपल्यावर होणाऱ्या भेदभावाची किंवा छळाची गोष्ट सांगितली, तर ते मत नाही, तक्रार आहे. त्यावर वर्गाचं मत घ्यायचं नाही. म्हणूनच सुरुवातीच्या नियमांत ‘वर्गातलं बाहेर जाणार नाही’ असं सरसकट वचन देऊ नका. ‘कुणाला इजा होत असेल तर मला मोठ्यांना सांगावं लागेल’ हे आधीच सांगून ठेवा.

पालकांना सुरुवातीलाच पाच ओळींची चिठ्ठी द्या: कोणते विषय घेणार, कोणते नाही, मुलाला ‘पास’ म्हणता येईल, मतावर गुण नाहीत. ‘शाळेत राजकारण शिकवता का?’ असं कुणी विचारलंच तर पाठ्यपुस्तकातलं प्रकरण आणि कलम ५१क(ङ) दाखवा. धर्म, भाषा, प्रदेश, वर्ग यांच्या पलीकडे जाऊन बंधुभाव वाढवणं हे त्यात नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. निवडणुकीच्या दिवसांत पक्षांशी जोडलेला कुठलाही विषय घेऊ नका.

सत्राच्या शेवटी मोठ्यांचा एक खरा वाद दाखवा. १३ डिसेंबर १९४६ला नेहरूंनी संविधान सभेत, होऊ घातलेल्या घटनेची ध्येयं सांगणारा उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीगचे सदस्य सभेत आलेले नव्हते. ते येईपर्यंत ठराव पुढे ढकलावा अशी दुरुस्ती बॅ. मुकुंदराव जयकरांनी सुचवली आणि सभागृह तिच्यावर नाराज होतं. १७ डिसेंबरला डॉ. आंबेडकर बोलायला उभे राहिले. त्यांनी ठरावातल्या उणिवा सांगितल्या, जयकरांच्या म्हणण्याला बळ दिलं, आणि लोकांना घाबरवणारे शब्द, घोषणा बाजूला ठेवून विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत देऊ, म्हणजे ते आपणहून बरोबर येतील, असं सभेला विनवलं. ठराव शेवटी २२ जानेवारी १९४७ला संमत झाला. तिघांच्या म्हणण्याचे सव्वाशे-सव्वाशे शब्दांचे सोपे मराठी उतारे स्वतः तयार करा, प्रत्येक गटाला एक द्या आणि प्रत्येक वक्त्याचा पूर्वपक्ष मांडून घ्या. एकनाथांचा हिंदू-तुर्क संवादही यासाठी सुचवला जातो. त्याचा शेवट समेटाचा आहे, पण आधी दोन्ही बाजूंची उणीदुणी इतकी धारदार आहेत की नववीतली मुलं तेवढीच उचलून मैदानात नेतील. तो अकरावीनंतर घ्या.

अंतर्गत मूल्यमापन करायचं असेल तर दहापैकी चार गुण पूर्वपक्षाला, तीन पुराव्यासह कारणांना, दोन समोरच्याच्या मुद्द्याला थेट उत्तर देण्याला आणि एक ऐकण्याला. कोणतं मत मांडलं याला शून्य. आणि एखाद्या मुलाने भर वर्गात ‘माझं मत बदललं’ म्हटलं, तर टाळ्या वाजवू नका. टाळ्या पडल्या की पुढच्या तासाला आणखी चौघांची मतं बदलतात, तीही बाईंना हवी त्या बाजूला. ‘कोणत्या मुद्द्याने बदललं?’ एवढं विचारा, तो मुद्दा फळ्यावर लिहा आणि पुढच्याला बोलू द्या.